कर्दे, दोन रात्री, पाच मैत्रिणी आणि एक "सी टच" रिसॉर्ट

बुकिंगला फोन केला तर पहिला प्रश्न, "फॅमिली आहे का?" म्हटलं नाही, आम्ही पाच मैत्रिणी. "सोबत जेन्ट्स कोणीच नाही?" नाही हो. मग दोन मिनिटं होल्डवर, मागे कुणालातरी विचारल्याचा आवाज, आणि मग "चालेल मॅडम, लेडीजना प्रॉब्लेम नाही, स्टॅग ग्रुप, म्हणजे नुसते जेन्ट्स, घेत नाही आम्ही". चाळिशी ओलांडलेल्या बायकांना एकदाची परवानगी मिळाली म्हणायची.

तर दापोलीजवळ कर्दे. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, लोणेऱ्याहून आत वळून आंबेत, मंडणगड, दापोली. पहाटे साडेपाचला निघालो, चहा, नाश्ता, एकीची उलटी, परत चहा असं करत दीडला पोचलो. रिसॉर्टचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली जे लिहिलंय ते त्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच ठिकाणांना लागू पडेल.

रेट, दोन खोल्या दोन रात्री 4000 प्रमाणे 16000, वर एक्स्ट्रा गादीचे रोजचे 700, एकूण 17400, अर्धे आधी जीपेवर. जाहिरातीत "सी टच", फोटोत पायरीखाली लाटा. आम्ही तीन वाजता बॅगा टाकून धावत बाहेर आलो तर समुद्र कुठे आहे ते शोधावं लागलं, नुसती ओली वाळू लांबच्या लांब आणि पलीकडे एक पांढरी रेघ. एकजण चिडून रिसेप्शनला जायला निघालीच होती. तेवढ्यात बागेत पाणी घालणारे काका म्हणाले, "ओहोटी आहे ताई. आज द्वादशी ना? बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. नऊला या, पाणी इथं असेल." आणि त्यांनी नारळाच्या बुंध्याकडे बोट दाखवलं. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरतीची वेळ मिळते, हा हिशोब मला या वयापर्यंत कुणी सांगितला नव्हता! रात्री नऊला खरंच पाणी तिथवर आलं, वर चांदणं, आम्ही पाचजणी पायरीवर बसून अर्धा तास काही बोललो नाही, जे आमच्यात कधीच होत नाही.

आता खोल्या. चादरी स्वच्छ, हे आधी मान्य. एसी चालतो पण लाईट गेली की इन्व्हर्टरवर फक्त पंखा, आणि लाईट दोन्ही दिवस गेली. गरम पाणी सकाळी सात ते नऊ, आम्हाला ते पावणेनऊला कळलं. पूल आहे, पण सुती कपड्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचे भाड्याने घ्या म्हणतात, ते बघून आम्ही पूलला रामराम केला. समोर अख्खा अरबी समुद्र असताना पूल हवाच कशाला म्हणा.

खरा राग जेवणाचा आहे. मेनूवर पनीर टिक्का, व्हेज मांचुरियन, आणि एक "मालवणी थाळी", अरे दापोली कुठे आणि मालवण कुठे! सोलकढी म्हणून जे आलं ते गुलाबी ताक होतं. कोकम नाही, नारळाचं दूध नाही, परसात वीस माड उभे असून. आमच्यातल्या एकीचं माहेर गुहागरचं, तिने एक घोट घेतला आणि वाटी शांतपणे टेबलाच्या टोकाला सरकवली.

म्हणून शनिवारी दुपारी सरळ हर्णै गाठलं, गाडीने अर्धा तासही लागत नाही. संध्याकाळचा लिलाव बघाच, तिकीट नाही काही नाही. बोटी आत पाण्यात उभ्या, तिथून बैलगाड्या माल घेऊन येतात, बैल पोटापर्यंत पाण्यात, आणि वाळूवर टोपल्यांभोवती कोंडाळं करून बोली चालते, ती इतक्या भराभर की आपल्याला फक्त शेवटचा आकडा ऐकू येतो. मागे समुद्रात सुवर्णदुर्ग, 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक, आणि त्याच्यापुढे ओरडून चाललेली घासाघीस. लिलावात आपण पडायचं नाही, कडेला मावश्या वाटे लावून बसतात त्यांच्याकडून घ्यायचं. एक मध्यम सुरमई आणि कोलंबीचा वाटा, साफ करून 1100. मावशीने भाव एक पैसा कमी केला नाही पण वर चार कोलंब्या टाकल्या.

रिसॉर्टवाले म्हणाले बाहेरचा मासा आम्ही बनवत नाही. परत काकाच धावून आले, त्यांच्या घरी, मागच्याच वाडीत, काकूंनी करून दिलं. सुरमई रव्यात, कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि सोलकढी, खरी. काकूंनी पाचजणींचे मिळून 800 घेतले, आम्ही हजार ठेवले तर दोनशे परत आणून दिले.

डॉल्फिन राईडबद्दल जास्त लिहीत नाही. सकाळी बोट, लाईफ जॅकेटला ओल्या गोणपाटाचा वास, दोनदा पाठीचा पंखा दिसला, तेवढ्यात आमच्यासकट अख्खी बोट किंचाळली आणि ते गेले.

निघताना बिलात "बोनफायर 500". केलाच नव्हता. विचारलं तर "सॉरी मॅडम, पॅकेजमध्ये ऑटोमॅटिक येतं" म्हणून लगेच काढलं, पण विचारलं नसतं तर गेलेच होते ना. बिल वाचूनच पैसे द्या.

माझ्याकडून पाचपैकी अडीच. अशा ठिकाणी बुकिंग करणार असाल तर जेवण पॅकेजमध्ये घेऊ नका, कॅलेंडरवर तिथी बघून जा, आणि वरच्या मजल्यावरची खोली मागा, खालच्या खोल्यांमागे पाण्याचा पंप आहे आणि तो पहाटे पाचला सुरू होतो.