'२०० अँपिअर'चं छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन : घरच्या वर्कशॉपात खरं किती चालतं?

इंदूरच्या सियागंजात हत्यारांच्या कुठल्याही दुकानात विचारा, चार-पाच किलोचं, खांद्याला अडकवता येईल असं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन समोर येतं. किंमत साधारण पाच ते आठ हजार, आणि पुढच्या पॅनेलवर ठळक आकडा : २००. सुदामानगर, राजेंद्रनगरकडच्या घरांत मागच्या पडवीत काम करणाऱ्या हौशी माणसासाठी हे मशीन घेण्याजोगं आहे, हे आधीच सांगतो. मात्र ते २.५ मि.मी. रॉडचं, म्हणजे बाजारातल्या '१२ नंबर'चं मशीन समजून घ्यावं. २०० च्या भरवशावर घेतलं तर पहिल्याच आठवड्यात एमसीबी पडायला लागेल आणि दोष उगाच मशीनच्या माथी जाईल.

हिशेब सोपा आहे. आर्कचं, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यातल्या ठिणगीचं, व्होल्टेज ढोबळमानाने २० अधिक करंटच्या ०.०४ पट धरतात. २०० अँपिअरला ते २८ व्होल्ट झालं, म्हणजे आर्कमध्येच ५.६ किलोवॅट. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरोखर कामी येणारा भाग) ०.७ धरला (या वर्गातल्या मशीनला यापेक्षा जास्त धरू नये), तर भिंतीतून ४० अँपिअरच्या वर ओढलं जाईल. घरातलं मोठं सॉकेट १६ चं. त्याच हिशेबाने ९० अँपिअरवर वेल्डिंग करताना मशीन भिंतीतून साधारण १५-१६ अँपिअर घेतं. म्हणजे १६ च्या सॉकेटवर ९० ही मर्यादा झाली, आणि १२ नंबरच्या रॉडची गरजही ६० ते ९० चीच आहे. १० नंबर, म्हणजे ३.१५ मि.मी. रॉड ९० ते १३० मागतो. १३० ला भिंतीवरचा भार २४ अँपिअरच्या आसपास जातो. तो चालवायचाच असेल तर मेन बोर्डपासून स्वतंत्र ४ चौरस मि.मी. तांब्याची वायर, ३२ चा सी-कर्व्ह (सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा) एमसीबी आणि औद्योगिक प्लग-सॉकेट लावून घ्या, पण त्याआधी मीटरचा मंजूर भार बघा. दोन-तीन किलोवॅटच्या जोडणीवर हे करू नये.

एक्स्टेंशन बोर्ड हा दुसरा घोळ. १ चौरस मि.मी.ची २० मीटर वायर २४ अँपिअरला सुमारे १७ व्होल्ट खाते आणि स्वतः चारशे वॅटने तापते. गुंडाळी तशीच ठेवली तर ती उष्णता आतच कोंडते, इन्सुलेशन मऊ पडतं. एक्स्टेंशन लागणारच असेल तर २.५ चौरस मि.मी.ची घ्या आणि काम सुरू करण्याआधी पूर्ण उलगडा.

आता खोक्यातल्या सामानाकडे. पैसे इथे वाचवलेले असतात. होल्डरची केबल जेमतेम दोन मीटर, अर्थची त्याहून आखूड. टोकाकडचं रबर थोडं सोलून एक तार ब्लेडने खरवडून पाहा. वरचा लालसर थर निघून आत पांढरी चमक दिसली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ती दीडपटीहून जास्त रोध करते. पंधरा-वीस रॉड सलग जाळले की होल्डरच्या मुठीपाशी हाताला ऊब लागते, ती त्यामुळेच. अर्थचा क्लॅम्प पातळ पत्र्याचा असतो. दोन जबड्यांपैकी एकालाच केबल जोडलेली, दुसरा नुसता दाबायला. त्यात जॉबवर, म्हणजे जोडायच्या लोखंडावर, गंज किंवा रंग असेल तर आर्क धडपणे लागत नाही, रॉड चिकटतो आणि माणूस करंट वाढवत बसतो. करंट वाढवण्याआधी क्लॅम्पखालची जागा ग्राइंडरने पांढरी करा. शक्य असेल तर मशीनबरोबरच १६ किंवा २५ चौरस मि.मी.ची अस्सल तांब्याची तीन-तीन मीटर केबल आणि पितळी क्लॅम्प घ्या. वेल्डमध्ये जो फरक पडतो तो दोनशेचं तीनशे अँपिअर केल्यानेही पडणार नाही.

वेल्ड कसं बसतं? आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर घरोघरी लागणारा कूलर स्टँड यासाठी उत्तम कसोटी आहे. साठ लिटरची टाकी भरली की साठ किलो पाणी, वर बॉडी आणि पंपाचं वजन. शिवाय सतत थरथर. सांधा वरवर चिकटलेला असेल तर इथे उघडा पडतो. २५×२५×३ चा अँगल, १२ नंबरचा ६०१३ (सर्वसाधारण कामाचा) रॉड, करंट ७५ ते ८०. या जोडीवर मशीन खरंच सुंदर चालतं. आर्क पहिल्या घासणीत लागतो, चरचर एकसारखी राहते आणि रॉड संपेपर्यंत आवाज बदलत नाही. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर हात बसलेल्या माणसालाही हा फरक लगेच जाणवेल. रॉडची लांबी ३५० मि.मी., एक रॉड साधारण मिनिटभरात संपतो. मग खपली काढा, ब्रश मारा, पुढचा सांधा लावा. यात मशीनला आपोआप विश्रांती मिळते, म्हणून '६० टक्के ड्यूटी सायकल', म्हणजे दहा मिनिटांत जास्तीत जास्त सहा मिनिटं वेल्डिंग, ही मर्यादा या रॉडवर कधी गाठली जात नाही.

करंट कमी पडला हे ओळखायची खूण म्हणजे वेल्डची रेघ दोरीसारखी वर उभी राहते, कडा धातूत मुरत नाहीत. जास्त झाला तर रॉडचा शेवटचा तिसरा हिस्सा लालभडक होतो आणि रेघेच्या दोन्ही कडांना खाच पडते. ६०१३ चा सगळ्यात मोठा दोष मात्र वेगळाच. आतल्या कोपऱ्यात पातळ स्लॅग (वितळलेली खपली) आर्कच्या पुढे धावतो आणि वेल्डखाली अडकतो. वरून रेघ गुळगुळीत, आत पोकळ. उपाय असा की आर्कची लांबी रॉडच्या जाडीएवढीच ठेवा, रॉड १०-१५ अंश ओढीच्या दिशेने झुकवा, तरीही स्लॅग पुढे येत असेल तर ५ ते १० अँपिअर वाढवा.

चौकट जुळवताना चारही कोपऱ्यांना आधी ८-१० मि.मी.चे टाके मारा, समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने. मग दोन्ही कर्ण मापा. दोन मि.मी.हून जास्त फरक असेल तर लांब कर्णाचं टोक जमिनीवर ठोकून सरळ करा. पूर्ण वेल्ड त्यानंतर. वेल्ड थंड होताना स्वतःच्या बाजूला ओढतो, त्यामुळे टाक्यांवर गुण्या लावून पाहिलेला काटकोन शेवटी तसाच राहील असं धरू नका.

१८ गेजच्या, म्हणजे १.२ मि.मी. भिंतीच्या चौकोनी पाइपावर हेच मशीन जरा परीक्षा घेतं. १२ नंबरने भोक पडतंच. २ मि.मी.चा रॉड मागा, ४५ ते ५५ वर चालवा आणि होल्डर निगेटिव्ह टोकाला जोडा, म्हणजे वेल्ड कमी खोल मुरतो. सलग रेघ ओढायची नाही. एकेक सेंटिमीटर भरायचं, रंग उतरू द्यायचा, मग पुढचं. खालच्या टप्प्यात, ४० च्या आसपास, बऱ्याच मशिनांचा आर्क डळमळतो. दुकानात चाचणी घेताना ८० वर नको, ४५ वर चालवून पाहा.

ऑटो डार्क हेल्मेटही याच कमी करंटवर कधीकधी लुकलुकतं. संवेदनशीलतेचं बटण पूर्ण वाढवा आणि शेड १० ठेवा. सोबत मिळणारी हातात धरायची काच फक्त टाके मारण्यापुरती ठीक. शेजारच्या गच्चीवर मुलं असतील तर आडोसा लावाच. आर्क बघितल्याचा त्रास लगेच होत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. गॅल्वनाइज्ड पाइप स्वस्तात मिळाला म्हणून थेट वेल्ड करू नका. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा इंचभर थर घासून काढा आणि काम उघड्यावरच करा.

रॉडच्या बाबतीत इंदूरला चिंता नाही. डी अँड एच सेचेरॉन ही रॉड बनवणारी कंपनी इथलीच, आणि ६०१३ कुठेही मिळतो. पावसाळ्यात मात्र फुटलेलं पाकीट शेडमध्ये ठेवू नका. दमट रॉड तडतडतो, शिंतोडे उडवतो, वेल्डला बारीक छिद्रं पडतात. १०० ते ११० अंशांवर तासभर वाळवला की पुरे. ३०० अंशांपर्यंत भाजायचा तो ७०१८, हा जास्त मजबुतीचा वेगळा रॉड. ६०१३ तसा भाजला तर बिघडतो. ७०१८ वापरायचा विचार असेल तर नेमप्लेटवरचं नो-लोड व्होल्टेज (आर्क लागलेला नसतानाचं) वाचा. ७० च्या आसपास नसेल तर तो रॉड पुन्हा पेटवताना त्रास होतो.

हॉट स्टार्ट (आर्क लागताना क्षणभर जादा करंट) आणि अँटी-स्टिक (रॉड चिकटला की करंट कमी) या सोयी उपयोगी आहेत. आर्क आखूड झाला की करंट वाढवणाऱ्या आर्क फोर्सचं बटण अर्ध्यावर ठेवून विसरून जा.

मशीन खराब होण्याचं मुख्य कारण ग्राइंडरची धूळ. पंखा लोखंडाचा बारीक कीस आत ओढतो, तो सर्किट बोर्डावर बसतो आणि एके दिवशी आयजीबीटी, म्हणजे आतले पॉवर स्विच, जातात. ग्राइंडिंगच्या ठिणग्यांच्या रेषेत मशीन ठेवू नका, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना जास्त तापल्याचा पिवळा दिवा लागला तर बटण बंद करू नका. पंखा चालू राहिला तरच ते थंड होतं. महिन्यातून एकदा ब्लोअरने साफ करा. झाकण उघडायचं असेल तर प्लग काढून दहा मिनिटं थांबा, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेलं असतं, आणि बोट लावण्याआधी मल्टीमीटरने ते उतरल्याची खात्री करा.