शिंपले विकणाऱ्याकडून मोत्यांची शेती शिकू नका

हे मी आमच्या बचत गटातल्या सगळ्या जणींना विचारून लिहिते आहे. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून गावाचं आणि मोत्यांच्या शेतीसाठी आम्हाला शिंपले विकणाऱ्या कंपनीचं नाव देत नाही. तालुका सिन्नर, एवढं सांगायला हरकत नाही. आमच्याकडे शेततळी भरपूर, आणि त्या पाण्यातून चार पैसे जास्तीचे कसे निघतील हा घरोघरचा विषय. अशा कंपन्यांची माणसं नेमकी तिथेच येतात.

सुरुवात प्रशिक्षणापासून होते. मंगल कार्यालयात एक दिवसाचा वर्ग, माणशी दीड हजार फी, त्यात जेवण आणि प्रमाणपत्र. सरांनी सगळ्यांसमोर एक जिवंत शिंपला उघडला. आत कवचाला चिकटलेला, चकाकणारा गणपती. तो हातोहात फिरला, बायकांनी कपाळाला लावला. मग फळ्यावर हिशेब: एका शिंपल्यात दोन मोती, हजार शिंपल्यांत दोन हजार, एका मोत्याचे अडीचशे. मरतूक किती, असं आमच्यातल्या एकीने विचारलं. ती शास्त्र शाखेची पदवीधर आहे. ‘पाच-दहा टक्के धरा, ताई,’ असं उत्तर मिळालं आणि पुढचा फोटो पडद्यावर आला.

शिंपल्यात गणपती बसवायची शस्त्रक्रिया दिवसभरात कुणाच्याही हातून करून घेतली नाही. ‘ते अवघड काम आमच्याकडे, तुम्ही फक्त सांभाळायचं.’ ऑपरेशन झालेला तयार शिंपला १३० रुपयांना, आणि मोती परत विकत घ्यायचा नोटरी केलेला करार. आम्ही हजार शिंपले घेतले. निम्मे पैसे गटाच्या बचतीतले, निम्मे बँकेच्या कर्जाचे.

आता मोती कसा होतो ते सांगते, कारण फसवणूक त्याच्या आतच आहे. गोड्या पाण्यात यासाठी मुख्यतः लॅमेलिडेन्स जातीचा शिंपला वापरतात. कवचाच्या आतून एक मांसल पडदा असतो, तोच चमकदार थर सोडत राहतो. शिंपल्याची भुकटी रेझिनमध्ये कालवून साच्यात दाबलेला गणपती त्या पडद्याच्या आणि कवचाच्या मध्ये सरकवला, की पडद्याकडच्या बाजूवर थर चढतो. म्हणजे हा गणपती आधीच बनवलेला असतो, निसर्ग त्याला फक्त मुलामा देतो. तो मुलामा जाड व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि तेही शिंपला जगला तर.

जगणं ठरतं ते शस्त्रक्रियेच्या आगेमागे. आठ सेंटिमीटरपेक्षा मोठा, निरोगी शिंपला निवडायचा. आधी दोन-तीन दिवस दाटीत ठेवायचा, म्हणजे त्याचे स्नायू सैल पडतात आणि कवच उघडताना फाटत नाहीत. नंतर साधारण दहा दिवस प्रतिजैविक घातलेल्या पाण्यात ठेवून रोज तपासायचा. मेलेले काढायचे, ज्यांनी आतला गणपती बाहेर टाकला ते वेगळे करायचे. या दहा दिवसांत उरतो तोच खरा माल. कंपनीने हे दहा दिवस आमच्या माथी मारले. ऑपरेशन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ओल्या गोणपाटात गुंडाळून टेम्पोने शिंपले पोहोचवले. ज्या काळात सगळ्यात जास्त मरतात, त्या काळाची किंमत आम्ही १३० रुपयांनी मोजली.

जाळीच्या पिशवीत दोन-दोन शिंपले घालून, बांबूला बांधून, मीटरभर खोल सोडायचे. आम्ही तसेच सोडले. पहिल्याच आठवड्यात वास सुटला. पिशव्या वर ओढल्या तर कितीतरी शिंपले आ वासून पडलेले. जिवंत शिंपल्याला बोटाने टिचकी मारली की तो घट्ट मिटतो, हे मिटत नव्हते. आणि पिशवीच्या तळाशी, शिंपल्याच्या बाहेर, पांढरेफट्ट गणपती पडले होते. खडूसारखे, एक कणही चमक नसलेले. काही शिंपले मिटलेले आणि हाताला जड लागायचे म्हणून आम्ही परत पाण्यात सोडले. त्यांच्यात नुसता चिखल भरला होता हे पुढे कळलं. मेलेल्या शिंपल्यात चिखल बसला की तो जिवंतासारखाच मिटून राहतो. तुमच्याकडे माल आला तर त्याच दिवशी निदान वीस-पंचवीस हातात घेऊन, टिचकी मारून, एकमेकांशी वजन ताडून बघा.

फोन केला तर म्हणाले, पाण्याचा दोष. हे ऐकून आम्हाला राग आला तो अजून गेलेला नाही. शिंपला पाण्यातलं हिरवं शेवाळं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, गाळून खातो. आमचं तळं नवीन प्लॅस्टिक कागदाचं, पाणी इतकं नितळ की तळ दिसायचा. तसल्या पाण्यात शिंपला उपाशी मरतो. शेणखत वगैरे देऊन आधी पाणी हिरवं करावं लागतं. त्यांचा माणूस पैसे घेण्याआधी येऊन तळं बघून गेला होता आणि ‘पाणी योग्य’ असं छापील फॉर्मवर सही करून गेला होता. तो फॉर्म आमच्या एका जणीने कर्जाच्या कागदांबरोबर जपून ठेवला होता. आज तक्रारीतला सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.

तरीही जे जगले ते आम्ही पाणी हिरवं करून, खत देऊन सांभाळले. मुदत संपल्यावर उघडले तेव्हा त्यातल्या बऱ्याच गणपतींवर चढलेला थर नखाने खरवडला तर निघेल इतका पातळ. जे खरोखर चांगले होते, तेही कंपनीने घेतले नाहीत. करारात लिहिलं होतं: ‘अ दर्जाचे मोती खरेदी केले जातील, दर्जा ठरवण्याचा अधिकार कंपनीचा.’ एवढ्या एका ओळीवर सगळा करार उभा होता. अडीचशे रुपये, मुदत, शिक्का, सह्या, सगळं खरं. पण आमचा एकही मोती ‘अ’ नव्हता, आणि तो का नव्हता हे सांगायला ते बांधील नव्हते.

मग आम्ही ते मोती नाशिकच्या सराफ बाजारात नेले. सराफांनी आदराने वागवलं, पण घ्यायला कुणी तयार नव्हतं. गोड्या पाण्यातले मोती चीनमधून येतात. तिथला शिंपला मोठा असतो आणि एकेका शिंपल्यात डझनावारी मोती पिकवतात, म्हणून ठोक बाजारात ते स्वस्त मिळतात. साच्यातल्या गणपतीला हौशी गिऱ्हाईक असतं, पण ते आपलं आपण शोधावं लागतं. वर्गातल्या फळ्यावरचे अडीचशे रुपये बाजारातून आले नव्हते, फक्त त्यांच्या करारातून आले होते.

मोत्यांची शेती खोटी आहे असं मी म्हणत नाही. भुवनेश्वरजवळ कौशल्यगंगा इथे केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्था आहे, तिला सीफा म्हणतात. गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं तंत्र आपल्या देशात तिथेच बसवलं गेलं आणि तिथे त्याचं प्रशिक्षण मिळतं. शस्त्रक्रिया स्वतःच्या हाताने करायला शिकवतात. मत्स्यपालनच शिकायचं असेल तर वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय आहे, जवळचं कृषी विज्ञान केंद्र आहे. आधी तिथे विचारा. जो शिकवतो तोच बी विकत असेल आणि तोच माल परत घेणार असेल, तर मरतूक किती हे तो तुम्हाला खरं सांगणार नाही. सांगितलं तर त्याचं बी खपणार नाही. हे शिंपल्यांइतकंच मासे वाढवायच्या बायोफ्लॉकच्या टाक्यांना आणि बोटुकलीच्या, म्हणजे माशांच्या पिल्लांच्या, ऑर्डरलाही लागू आहे.

ज्यांनी आधीच पैसे भरलेत त्यांच्यासाठी. पोलिसांनी आम्हाला ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवलं. तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. ग्राहक आयोगात जायचं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. करारात दुसऱ्या शहराचं न्यायक्षेत्र लिहिलंय म्हणून तेवढ्यावर गप्प बसू नका. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की हा व्यापार आहे, तुम्ही ग्राहकच नाही. म्हणून तक्रारीत स्पष्ट लिहा की हे स्वयंरोजगारासाठी, स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलं होतं. कायद्यात त्याला सूट आहे.

आणि उरलेले शिंपले घाईने उघडू नका. उघडायच्या आधी कंपनीला रजिस्टर पोस्टाने दिवस कळवा, गावातली दोन जाणती माणसं पंच म्हणून बसवा. पिशवी पाण्यातून वर येते तिथपासून प्रत्येक शिंपला उघडेपर्यंत सलग व्हिडिओ घ्या, आणि बाहेर पडलेले गणपती, रिकामी कवचं, चिखल भरलेले शिंपले वेगवेगळ्या डब्यांत चिठ्ठी लावून ठेवा. आमच्या पहिल्या आठवड्यातल्या मेलेल्या शिंपल्यांचा फक्त एका मोबाइलमधला फोटो आहे, आणि आयोगापुढे आज वाद त्याच आकड्यावर चालू आहे.