चिनी काढे: दा चेंग ची तांग की छिंग यी तांग?

स्वादुपिंडाला जोरात सूज आली की आतडी ठप्प होतात, पोट फुगून फुफ्फुसं दाबली जातात आणि सूज पसरून त्यात पाणीही भरतं, तोच एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसं अचानक निकामी होऊन श्वास अपुरा पडणं. चीनमध्ये अशा पेशंटला आयसीयूत नळीतून नाहीतर एनिमाने यातला एखादा काढा देतात, कारण त्यांच्या पारंपरिक वैद्यकात फुफ्फुस आणि मोठं आतडं ही जोडीच मानतात.

दा चेंग ची तांग साधारण 1800 वर्षं जुना, झांग झोंगजिंग या जुन्या चिनी वैद्याचा, चारच घटक. मॅग्नोलियाची साल आणि कच्चं कडू संत्रं आधी उकळायचं, रेवाचिनी (र्‍हुबार्बचं रेचक मूळ) मागाहून, जास्त शिजली तर रेचकाचा जोरच जातो ना, आणि सोडियम सल्फेट गाळल्यावर. सगळा भर पोट मोकळं करण्यावर.

छिंग यी तांग अलीकडचा, चीनमधल्या तिआनजिन शहराच्या नानकाई हॉस्पिटलमधला. रेवाचिनी त्यातही आहेच, वर सूज-दुखण्यासाठी छायहू, हुआंगछिन वगैरे चिनी औषधी मुळं.

पोट दगडासारखं असेल तर मला पहिल्याचं लॉजिक जास्त पटतं, पण दोन्हींच्या बऱ्याच ट्रायल छोट्या आहेत, आणि व्हेंटिलेटरवर एकेक श्वास छोटा, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे 6 मिली ठेवणं याला यातला एकही काढा पर्याय नाही, घरी तर अजिबात करून बघू नका प्लीज.