रोज ऐकण्यासाठी प्रयोगशील संगीत: राइश, रादिग की फेरारी?

पाश्चात्त्य प्रयोगशील संगीताकडे वळू पाहणाऱ्याला बहुधा ऐतिहासिक क्रमाने ऐकण्याचा सल्ला मिळतो आणि दोन-तीन अवघड रचनांतच त्याचा उत्साह मावळतो. हे संगीत दिनक्रमात सामावून घ्यायचे असेल, तर कोणती रचना किती महत्त्वाची मानली जाते यापेक्षा आपल्याला वेळ कोणता मिळतो, घरात गलबला किती असतो आणि ऐकण्याचे साधन कोणते आहे, हे आधी पाहावे. त्या दृष्टीने स्टीव्ह राइश यांची ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ (१९७६), एलियान रादिग यांची ‘क्येमा’ (१९८८) आणि ल्युक फेरारी यांची ‘प्रेस्क रियाँ’ क्रमांक १ (१९७०) या तीन रचना येथे शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

राइश यांच्या जवळपास तासाभराच्या रचनेत एक स्थिर लय अखंड चालू राहते. आरंभी अकरा स्वरसंघात (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे गट) एकामागून एक येतात, प्रत्येक साधारण दोन श्वासांइतका टिकतो, आणि मग त्यांच्यावर एकेक भाग उभा राहतो. वादकांसमोर संचालक नसतो. पुढच्या बदलाची खूण व्हायब्रफोन हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य देते. ही खूण श्रोत्यालाही स्पष्ट ऐकू येते, म्हणून भाजी परतताना मध्येच लक्ष उडाले तरी पुढच्या वळणावर पुन्हा सामील होता येते. मरिंबा व झायलोफोन ही लाकडी पट्ट्यांची वाद्ये आणि पियानो यांचे मधले व वरचे स्वर फोनच्या लहान स्पीकरवरही बऱ्यापैकी टिकतात, बसच्या घरघरीतही हरवत नाहीत. दोष एवढाच की ही लय मनाचा ताबा घेते. लेखन-वाचन करताना ती लावू नये असे माझे मत आहे.

रादिग यांचे सगळे याच्या उलट आहे. एआरपी २५०० या सिंथेसायझरवर (विजेवर नाद निर्माण करणाऱ्या वाद्यावर) आणि ध्वनिफितींवर घडवलेल्या या रचनेतही जवळपास तासभर जातो, परंतु तिच्यात ना ठेका आहे ना चाल. दीर्घ नाद इतक्या सावकाश बदलतात की बदल घडून गेल्यावरच जाणवतो. अशा संगीतात गंमत असते ती नादांच्या परस्परसंबंधात. १०० आणि १०१ हर्ट्झचे दोन नाद एकत्र वाजले, की सेकंदाला एक या गतीने आवाज लहान-मोठा होऊ लागतो, आणि खोलीत थोडे सरकून बसले तरी काही नाद ठळक तर काही क्षीण होतात. फोनचा स्पीकर खर्जातला हा भाग जवळजवळ गाळूनच टाकतो, आणि वाहनाच्या इंजिनाचा आवाज त्याच पट्टीत असल्याने प्रवासात तो झाकला जातो. म्हणजे येथे बरे स्पीकर, शांत खोली आणि मोकळा तास या तिन्ही गोष्टी लागतात. घरातल्या इतरांना मात्र फ्रिज बिघडल्याची शंका येण्याची शक्यता गृहीत धरावी.

मैफल सुरू होण्यापूर्वी तंबोरे जुळवले जात असतानाची मिनिटे ज्याला प्रिय आहेत, त्याला हे संगीत परके वाटणार नाही. भारतीय गायकीचे काही प्रयोगशील संगीतकारांनी थेट शिक्षणही घेतले आहे: ‘इन सी’ (१९६४) रचणारे टेरी रायली आणि दीर्घ नादांचे संगीत करणारे ला माँट यंग हे दोघेही १९७० पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले, आणि किराणा गायकी महाराष्ट्राच्या किती जवळची आहे हे सांगायला नको. पण ही ओळख फसवीही ठरते. तंबोरा हा गाण्याचा आधार असतो. रादिग यांच्याकडे त्या आधारावर कोणीही गाऊ लागत नाही, आणि बंदिशीची वाट पाहत बसलेला श्रोता शेवटपर्यंत वाटच पाहत राहतो.

फेरारी यांची रचना सुमारे २१ मिनिटांची आहे. दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील, त्या काळच्या युगोस्लाव्हियातल्या वेला लुका या मच्छीमार गावातील पहाट त्यांनी ध्वनिमुद्रित केली: होड्यांची इंजिने, माणसांचे बोलणे आणि शेवटी सर्व व्यापून टाकणारे सिकाडा या किड्यांचे कर्कश गाणे. लक्ष देण्याचा भार येथे सर्वांत कमी आहे. मात्र खिडक्या उघड्या असलेल्या घरात ही पहाट बाहेरच्या आवाजात विरघळते, त्यामुळे हेडफोन हवाच. आणि काही वेळा ऐकल्यावर तिचे नावीन्य उरलेल्या दोघांपेक्षा लवकर ओसरते.

ब्रायन ईनो यांचे विमानतळासाठीचे संगीत (१९७८) या तिन्हींहून सोपे आहे, हे खरे. दुर्लक्ष केले तरी चालावे याच हेतूने ते रचलेले असल्याने कामाच्या वेळी ते उपयोगी पडते, पण ज्याला प्रयोगाचे आकर्षण आहे त्याची भूक त्याने भागेल असे वाटत नाही.

प्रवास आणि स्वयंपाकघर याच वेळा हाती असतील, तर राइश निवडावेत, आणि १९७८ मध्ये ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीने प्रसिद्ध केलेले ध्वनिमुद्रण घ्यावे. एकदा पूर्ण ऐकल्यानंतर ते रोज तुकड्या-तुकड्यांनी ऐकले तरी बिघडत नाही. रादिग यांच्या बाबतीत ही सवलत नाही: पहिल्या दहा मिनिटांवर थांबलेल्याला एकच नाद ऐकल्यासारखे वाटेल, म्हणून आठवड्यातून एखादा निवांत तास मिळत असेल तरच ‘क्येमा’कडे वळावे.