जाळीचा डिश अँटेना: तीन उन्हाळे वापरून झाल्यावर

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, दाखले, पीक विमा, सगळं नेटवर. मोबाईलची रेंज धड नाही, म्हणून सात किलोमीटरवरच्या टॉवरवरून नेट घ्यायला २.४ गिगाहर्ट्झचा जाळीचा अँटेना आणला. पावणेतीन हजारांना पडला.

खोकं उघडल्यावर सासरे म्हणाले, "सूनबाई, हे त खिडकीचे गज दिसते. यातून सारं निंगून जाईन."

त्यांचं अर्धं खरं निघालं. बसवायला आलेल्या पोरानं सळ्या आडव्या ठेवल्या, आणि टॉवरची लहर होती उभी, म्हणजे वर-खाली डोलणारी. सिग्नल उणे ८६ डीबीएम (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). तो म्हणाला, टॉवरच लांब आहे, आणि गेला. दोन दिवस विम्याचे फॉर्म अडकले, माणसं ओट्यावर बसून. तिसऱ्या दिवशी मीच स्लॅबवर चढले. फीडच्या, म्हणजे जाळीसमोर लहर गोळा करणाऱ्या तुकड्याच्या, मागे लहरीची दिशा दाखवणारा बाण कोरलेला दिसला, तो आडवा होता. पाइपला धरणारे यू-बोल्ट सैल करून अख्खा अँटेना पाव फेरा फिरवला. सिग्नल उणे ६३!

कारण समजून घेतलं तेव्हा फार आनंद झाला. ही लहर लांबीला साधारण साडेबारा सेंटीमीटरची. सळ्यांमधली फट मी पट्टीनं मोजली, दोन सेंटीमीटर. लहरीपेक्षा फट एवढी लहान, म्हणून जाळी तिला भरीव पत्र्यासारखी, पण दिशा जुळली तरच. लहरीचं विद्युत क्षेत्र सळीच्या दिशेनं डोलत असेल, तर धातूतले इलेक्ट्रॉन सळीच्या लांबीभर धावतात आणि लहर परत फिरते. क्षेत्र सळीला काटकोनात असेल, तर त्यांना धावायला सळीच्या जाडीएवढीच जागा, म्हणून लहर बहुतेक आरपार जाते. जगदीशचंद्र बोसांनी १८९० च्या दशकात कलकत्त्यात रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांत कथिलाचा वर्ख घालून हाच गुण दाखवला होता. शाळेतल्या पोरांना मी आता हा अँटेना दाखवते.

वाऱ्याला मात्र फट मोकळीच. मागच्या मे महिन्यातल्या वादळात शेजारच्या गोठ्याचे टिन वावरात जाऊन पडले. अँटेना तसूभर हलला नाही. भरीव थाळी असती तर पाइपच वाकला असता, असं मला वाटते.

घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण बसवणारा खाली उतरायच्या आधी बाण टॉवरच्या अँटेनाशी जुळतो का ते स्वतः बघा. मधे कडुलिंबाची फांदी येत असेल तर छाटून घ्या, ओली पानं सिग्नल खातात. सोबतचे नट पहिल्याच पावसाळ्यात गंजले, ते मी स्टेनलेस स्टीलचे टाकले.