गंजाचं रूप: नुसता अ‍ॅक्रिलिक की लोखंडी भुकटीचा रंग?

बागेतल्या जुन्या प्लास्टिकच्या कासवाला गंजक्या लोखंडाचं रूप द्यायचं, तर साधा अ‍ॅक्रिलिक सोपा. गडद तपकिरी थर वाळला की स्पंजने विटकरी आणि किंचित नारिंगी टिपायचा. खोबणीत गडद, उंचवट्यावर फिका. बिघडलं तर वरून पुन्हा रंगवा.

लोखंडाची भुकटी असलेल्या रंगावर ऑक्सिडायझर (गंज चढवणारं द्रावण) फवारला की मात्र खराच गंज चढतो. तो खरखरीतपणा, ते ओघळ स्पंजला जमत नाहीत. पण गंज कुठे किती चढेल हे आपल्या हातात नसतं, आणि पावसात खालच्या फरशीवर डाग उतरतात (निघता निघत नाहीत!). जवळून दिसणाऱ्या वस्तूला मी तरीही भुकटीचाच रंग देईन. झुडपाआडच्या कासवाला स्पंज पुरे. आधी पॉलिश पेपर आणि प्रायमर दोन्हीकडे लागतोच.