फ्लशिंगच्या नावाखाली भरलेले रंगीत पाणी

माझी गाडी २२ वर्षांची आहे. तिच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे कूलंटमधील (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातील) गंजरोधक द्रव्ये संपली की आतून गंज धरायला वेळ लागत नाही. चढावर तापमानाची सुई मध्याच्या वर सरकू लागली आणि रिझर्व्ह बाटलीतले कूलंट तांबूस दिसू लागले, तेव्हा पूर्ण कूलिंग सिस्टिम रिकामी करून धुऊन घेण्यासाठी, म्हणजे फ्लशिंगसाठी, मी गाडी एका गॅरेजमध्ये दिली. तिथे झालेली फसवणूक सविस्तर लिहितो आहे, कारण ती माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले, आणि खरे तर पहिल्याच संध्याकाळी हातात पडलेल्या बिलावरून ती ओळखता आली असती.

गाडी सकाळी ठेवून जा, संध्याकाळी न्या, असे मला सांगण्यात आले. संध्याकाळी बाटलीत हिरवेगार कूलंट होते आणि घरी येताना सुई पूर्वीपेक्षाही बरीच खाली राहिली. मी समाधानी झालो. सुई खाली राहण्यामागचे कारण वेगळेच होते, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

पुढे हीटरमधून गरम हवा येईनाशी झाली, इंधन जास्त लागू लागले, आणि दोन महिन्यांनी एका लांब चढावर सुई थेट लाल पट्ट्याला जाऊन टेकली. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले आणि ते पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही, एवढे शहाणपण सुदैवाने शाबूत होते. तापलेल्या सिस्टिममध्ये दाब असतो आणि झाकण सैल करताच उकळते द्रव अंगावर उसळते.

दुसऱ्या मेकॅनिकने माझ्यासमोर सगळे उघडले. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅटच नव्हता. हा झडपेसारखा भाग इंजिन साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसपर्यंत तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो; तो काढून टाकला की सपाट रस्त्यावर इंजिन गरजेपेक्षा थंड राहते, आणि गाडी सुधारली असा मालकाचा समज होतो. रेडिएटरच्या तोंडाशी गळती बंद करणाऱ्या पावडरीचे तपकिरी कण चिकटले होते. त्या पावडरीने गळती बुजते, पण रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटरचा गाभाही बुजतो. मला गळतीची तक्रार नव्हती आणि पावडर टाकल्याचे कोणी सांगितलेही नव्हते. सर्वांत बोलका पुरावा मात्र ब्लॉकच्या ड्रेन प्लगचा, म्हणजे आतले द्रव काढण्याच्या बुचाचा होता. त्यावर वर्षानुवर्षांचा तेलकट मळ तसाच होता. त्याला कुणाचा पाना लागलेलाच नव्हता. प्लग काढल्यावर आधी थेंबही आला नाही, तार घालून भोक मोकळे केले तेव्हा चिखलासारखा तांबडा गाळ बाहेर पडला.

आता बिलाबद्दल. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत कूलिंग सिस्टिमची क्षमता ६.५ लिटर दिली आहे. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी हे नेहमीचे प्रमाण धरले, तर घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेले, कूलंट सव्वातीन लिटर लागायला हवे. बिलावर होते एक लिटर. रेडिएटरच्या तळाचा कॉक उघडला की फक्त रेडिएटरमधले द्रव निघते. ब्लॉकमधले आणि हीटरमधले, म्हणजे बरेचसे, आतच राहते. त्या गॅरेजने तेवढेच काढून वर एक लिटर कूलंट आणि नळाचे पाणी भरले होते. रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे कूलंटचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाने, तपासले तेव्हा ते द्रव जवळजवळ साधे पाणीच निघाले. हिरवा रंग हा निव्वळ रंग असतो. त्यावरून प्रमाणही कळत नाही आणि कूलंटचा प्रकारही.

मी बिल घेऊन परत गेलो, तेव्हा फ्लशिंग म्हणजे रेडिएटरचे पाणी बदलणे, असे उत्तर मिळाले. काम देताना हा शब्द मी नुसताच ऐकून घेतला होता, त्यात काय काय येते ते विचारले नव्हते. तुम्ही विचारा: ब्लॉकचा प्लग उघडणार का, हीटरचा कॉक उघडा ठेवून पाणी फिरवणार का, निघालेले द्रव भांड्यात मोजून दाखवणार का, शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याची असेल का. हे काम इंजिन गार असताना सुरू होते, त्यामुळे समोर उभे राहून पाहायला काहीच अडचण नसते. निघालेले द्रव गटारात किंवा उघड्यावर सोडू देऊ नका. बहुतेक कूलंटमध्ये असलेले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणे असते.

दुसऱ्या मेकॅनिकने खालून वर, उलट्या दिशेने, कमी दाबाने पाणी सोडले, कारण जुन्या रेडिएटरचे सांधे जास्त दाब सोसत नाहीत. स्वच्छ पाणी येईपर्यंत अर्धा दिवस गेला. धुतल्यानंतर ब्लॉकमध्ये थोडे पाणी उरतेच, म्हणून त्याने तयार मिश्रण न ओतता आधी सव्वातीन लिटर घट्ट कूलंट घातले आणि मग डिस्टिल्ड पाण्याने सिस्टिम भरून हवा काढली. हीटरचा गाभा मात्र पावडरीने इतका बुजला होता की तो बदलावाच लागला. माझा जुना थर्मोस्टॅट पहिल्या गॅरेजने मागूनही परत दिला नाही. नवा बसवल्यावर त्याच चढावर गाडी नेऊन पाहिली. सुई मधोमध येऊन थांबली.